गच्चीवरचं सामान

बाबा, तुमच्या नातीनं दुर्बीण घेतली. तिनं तुम्हाला पाहिलं नाही, तुम्ही तिला पाहिलं नाही, पण आभाळाचं वेड मात्र मधल्या मला ओलांडून बरोबर तिच्याकडे गेलं. तीन पायांवर उभी राहणारी दुर्बीण आहे. खोक्यातून काढली तेव्हा घरभर थर्माकोलचे दाणे झाले, ते मी अजून झाडते आहे. ती उमरेडला बँकेत आहे, रोज एसटीनं जाते-येते, आणि सध्या बसमध्ये बसून दुर्बिणीला लागणारं सामान मोबाइलवर बघणं एवढंच तिचं काम. परवा तो मोबाइल माझ्या नाकापुढे धरून म्हणाली, "आई, हे लोक तर काय काय घ्यायला सांगून राहिले. आजोबांपाशी काय होतं? तू सांगत होती ना, सगळं घरचंच होतं म्हणून? मले तसंच पाहिजे, स्वस्तातलं." मी म्हटलं, सांगते, त्यात काय एवढं. आणि सांगायला बसले तर असा घोटाळा झाला की तो मला एकटीला निस्तरता येईना. तुम्हाला लिहिण्यात काही अर्थ नाही हे मला कळतं. पण ज्यांना विचारावं ते सगळेच गेले, आईसुद्धा. आता विचारायचं तर तुम्हालाच.

सुरुवात मी संत्र्याच्या पेटीपासून केली. महाल भागातल्या आपल्या भाड्याच्या घराच्या गच्चीवर ती लाकडी पेटी बारा महिने पडलेली असायची. उभी केली की उंच, कुशीवर टाकली की मध्यम, पालथी घातली की बुटकी. एका पेटीत तीन खुर्च्या, असं तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानानं दाखवायचात. तारा खाली असला तर उंच बसायचं, डोक्यावर आला तर बुटकं, म्हणजे मान मोडत नाही. "उभ्या उभ्या पाह्यलेला तारा उष्टा राह्यते," हे तुमचं वाक्य. त्याचा अर्थ मला तेव्हाही कळला नव्हता, पण ते मी तिला तुमच्याच आवाजात ऐकवलं आणि ती खूश झाली. आता लाकडी पेट्या कुठून आणायच्या, बाजारात सगळे प्लास्टिकचे क्रेट. तिनं लगेच शेजारच्या फळवाल्याकडून एक पैदा केला.

मग टॉर्च सांगितला. संक्रांतीला उरलेला लाल पतंगी कागद दुहेरी करून टॉर्चच्या काचेवर रबरानं बांधायचा. पांढऱ्या उजेडानं डोळे बिघडतात, पुन्हा अंधाराला सरावायला वेळ लागतो, लाल उजेडानं तसं होत नाही. हे तिला मोबाइलनंही सांगितलं होतं, म्हणून तुमची इज्जत एकदम वाढली. मग डोळ्यावरची पट्टी सांगितली. जुन्या छत्रीचं काळं कापड आईनं शिवून दिलेलं, मागे नाडी. वर जायच्या आधी एक डोळा झाकून ठेवायचा, म्हणजे तो खालीच अंधाराला तयार होतो. ती पट्टी लावून तुम्ही स्वयंपाकघरात जेवायला बसलेले मला आत्ता दिसता आहात. भिंतीला टेकलेला पाट, चुलीवर वांग्याची भाजी, आणि तुम्ही एका डोळ्यानं भाकरी शोधताय. हात लागून तांब्या कलंडतो. पाणी वाहत आईच्या पदरापर्यंत जातं आणि ती म्हणते, "काहून जी, डोळे आभाळात अन् हात कुठं? जेवाच्या वेळेपुरते तरी खाली या." आपण तिघंही हसतो. हे सांगताना आम्ही दोघीही हसलो. मग मी गच्चीवरच्या दोरीचं सांगू लागले आणि बोलता बोलता गप्प झाले.

गप्प का झाले ते सांगायचं तर डॉक्टरांपासून सांगावं लागेल. गेल्या पावसाळ्यापासून मला संध्याकाळी नीट दिसेना. फाटकाचा खांब रोजच्याच जागी, पण मी जाऊन त्याच्यावर आपटायची. मी शिकवते त्या शाळेच्या स्नेहसंमेलनात दिवे घालवले आणि मी खुर्चीऐवजी संगीताच्या बाईंच्या मांडीवर बसले. पोरं अजून त्यावरून हसतात. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून गेले, तर डॉक्टरांनी एका यंत्रापुढे बसवलं. मोठ्या पांढऱ्या वाडग्यात तोंड घालायचं, नजर मधल्या ठिपक्यावर ठेवायची, आणि आजूबाजूला बारीक उजेड चमकला की हातातलं बटण दाबायचं. बाबा, ते थेट आभाळ होतं. एक तारा इथं उगवतो, विझतो, दुसरा तिथं. मला मजा वाटली. मग बराच वेळ काही उगवेचना. यंत्र बिघडलं वाटून मी तोंड बाहेर काढलं तर यंत्रापाशी बसलेल्या मुलीनं सांगितलं, मॅडम, लाइट येऊन राहिले, तुम्ही दाबून नाही राहिल्या.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. डोळ्यातला पडदा कडेकडेनं निकामी होतो आहे. आधी रात्रीचं जातं, मग बाजूचं. मधलं पुष्कळदा शेवटपर्यंत टिकतं. काही घराण्यांत हे चालत येतं. "तुमच्या वडिलांना रात्री कमी दिसायचं का?" मी चक्क हसले. म्हटलं, "छे हो, माझे वडील तर तारे बघायचे." डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "बघायचे. पण दिसायचे का?" ते म्हणाले, घरी जाऊन शांतपणे आठवा, कारण तुमच्या वडिलांकडून हे आलं असेल तर तुमच्या मुलीलाही एकदा तपासायला हवं, आणि ते जितकं लवकर तितकं बरं. मी घरी आले आणि कोणाला काहीच सांगितलं नाही. मुलगी अंधार पडल्यावर बस स्टँडवरून स्कूटीनं येते. तिला काय सांगू? तुझे आजोबा तारे बघायचे, पण त्यांना दिसायचे की नाही ते मला माहीत नाही?

आता दोरी. जिन्याच्या दारापाशी खिळा होता, तिथून पाण्याच्या टाकीपर्यंत, पेटीच्या अगदी जवळून, तुम्ही कमरेइतक्या उंचीवर नारळाची दोरी बांधली होती. मध्ये मध्ये गाठी. कारण तुम्ही सांगितलेलं मला पाठ आहे: दोरी धरून गेलं की टॉर्च लावावाच लागत नाही, डोळे शाबूत राहतात. आईची कपडे वाळत घालायची दोरी वेगळी होती, ती या दोरीवर फडकंसुद्धा टाकत नसे. मी हे कारण कितीतरी लोकांना कौतुकानं सांगितलं आहे. पण परवा तिला सांगताना माझाच हात हवेत ती दोरी चाचपू लागला आणि मला वाटलं, अगंबाई. दर दिवाळीला जिन्याच्या पायऱ्यांच्या कडांना तुम्ही जाड चुना ओढायचात, तोसुद्धा ताऱ्यांसाठीच होता का? आणि तो बांबू? दुर्बीण हातात थरथरते म्हणून तुम्ही एक बांबू कापून आणला, वरचं टोक चिरून बेचकी केली आणि त्यात तुमची जुनी दोन डोळ्यांची दुर्बीण टेकवायचात. झकास युक्ती होती. पण दुर्बीण गळ्यात नसली तरी बांबू हातात असायचा. टाकीकडे जाताना टक्, टक्. मी त्या आवाजावर झोपी गेले आहे, बाबा. तो आवाज कशाचा होता?

एकदा संशयाचं भूत डोक्यात शिरलं की ते प्रत्येक वस्तूत दिसतं. तुमचं हापिसही आठवलं. मी एकदा आईनं दिलेला डबा घेऊन तिथं आले होते. हिवाळा होता, उन्हं उतरली होती. सगळे कारकून अजून मान खाली घालून लिहीत होते आणि तुम्ही एकटेच आवरून उभे. शेजारच्या टेबलावरचे काका उठून म्हणाले, "चला गा, तुमच्या चांदण्या वाट पाहून राहिल्या असतीन!" सगळे हसले, तुम्हीही हसलात. मग त्यांच्या सायकलच्या कॅरियरवर तुम्ही बसलात आणि पुढच्या दांडीवर मी. तुमची स्वतःची सायकल घरी होती, हिवाळाभर तिला पंक्चर असायचं. उन्हाळ्यात ती बरी चालायची. काकांना माहीत होतं का? आणि आई? त्या तांब्यानंतर आईनं तुमचा तांब्या ताटाच्या बाजूला कधी ठेवला नाही, नेहमी समोर, अगदी नाकापुढे. मी विचारलं होतं, तर म्हणाली, तुझ्या बापाचं ध्यान नसते बाई. मला ते पटलं होतं. वेंधळा माणूस म्हटलं की सगळ्याचाच हिशेब लागतो.

पण थांबा, उलट बाजूही आहे, तीच तर माझी पंचाईत. न दिसणारा माणूस स्वतःच्या टॉर्चवर लाल कागद बांधून असलेला उजेड कमी करेल का? मग आठवतं, घरी टॉर्च दोन होते. एक मोठा, उघडा. लाल कागदाचा कोणाच्या हातात असायचा, तुमच्या की माझ्या? डोळे मिटून आठवायला गेलं तर कधी तुमचा हात दिसतो, कधी माझा. गुरूचे चंद्र तुम्ही मला सांगितले आहेत, एका बाजूला तीन, एका बाजूला एक, आणि मी बेचकीतल्या दुर्बिणीला डोळे लावले तर अगदी तस्सेच. चंद्रावरच्या खड्ड्यांवर तुम्ही तासभर बोलू शकायचात. तेव्हा दिसत होतं, नक्की दिसत होतं. लगेच डॉक्टरांचं वाक्य आडवं येतं, मधलं शेवटपर्यंत टिकतं. म्हणजे नळीतून दिसेल तेवढंच आभाळ तुमचं होतं का? म्हणून तुम्ही त्या नळीला इतके चिकटून होतात? की उगाच एका भल्या माणसाच्या छंदाला मी रोग चिकटवते आहे? सकाळी एक खरं वाटतं, दुपारी दुसरं. वर्गात परवा फळ्यावर धडा लिहिता लिहिता थांबले, तर पोरी म्हणाल्या, मॅडम, तब्येत बरी नाही का?

आणि कृत्तिका. हिवाळ्यात त्या डोक्यावर आल्या की तुम्ही पेटी पालथी घालायचात, मला तिच्यावर बसवायचात आणि विचारायचात, "सांग वं, किती दिसून राहिल्या?" मी मोजायची. चार, पाच, आणि डोळे बारीक केले की ती सहावी, कडेची, चोरटी. "सहा!" तुम्ही म्हणायचात, "बरोब्बर." आणि खिशातून संत्रा बर्फीचा तुकडा निघायचा, कागदाला चिकटलेला. दरवर्षी हीच परीक्षा आणि हेच बक्षीस. उतरताना तुमचा हात माझ्या खांद्यावर असायचा, चांगला जड. मला वाटायचं, लाड. मी मुद्दाम हळूहळू उतरायची, म्हणजे हात जास्त वेळ राहील.

एका वर्षी मी शिंगं फुटायच्या वयात होते. तुम्ही विचारलंत आणि मला काय लहर आली, वर न बघताच म्हटलं, "काही नाही दिसून राहिलं मले." एवढंच. बाबा, तुमचा आवाज तसा मी आधी कधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही. "नीट पाह्य!" तुम्ही माझी हनुवटी धरून मान वर केलीत. "नीट पाह्य म्हणतो ना! एकही नाही?" मी घाबरून रडायलाच लागले आणि रडताना तर खरंच काही दिसेना, म्हणून आणखी बोलणी खाल्ली. दुसऱ्या दिवशी रजा टाकून तुम्ही मला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलंत. डॉक्टर म्हणाले, पोरीचे डोळे ठणठणीत आहेत. बाहेर आल्यावर तुम्ही रस्त्यातच मला एक धपाटा घातलात, "बह्याड कुठली," म्हणालात, आणि मग पुडाभर बर्फी घेऊन दिलीत. धपाटा आणि बर्फी एकाच दुपारी. मी तेव्हा धरून चालले की ताऱ्यांची टिंगल केली म्हणून तुम्ही चिडलात. इतकी वर्षं तेच धरून चालले होते.

काल संध्याकाळी तिनं गच्चीवर सगळं मांडलं. आम्ही आता हुडकेश्वरला राहतो, तेव्हा शेतं होती तिकडे. आता चहूकडे इमारती आणि रस्त्यावरचे पांढरे दिवे, आभाळ धुतलेल्या ताकासारखं. पण तिनं हौसेनं क्रेट पालथा घातला, टॉर्चला लाल कागद बांधला, जिन्यापासून टाकीपर्यंत दोरीसुद्धा बांधली, मी सांगितल्याप्रमाणे गाठी मारून. मी ती दोरी धरून चालले. बाबा, किती सोय होते हो तिनं. एकेक गाठ हाताखालून जात होती आणि मी पहिल्यांदाच न ठेचकाळता टाकीपर्यंत पोचले. तिनं दुर्बीण चंद्राला लावण्याआधीच माझ्या तोंडून निघालं, "थांब. आधी साधं वर पाह्य. कृत्तिका किती दिसून राहिल्या, मोज." ती क्रेटवर बसली, मान वर केली आणि म्हणाली, "आई, मले तर काहीच दिसून नाही राहिलं."

मी ओरडले, "नीट पाह्य! नीट पाह्य म्हणते ना!" आणि तिची हनुवटी धरायला हात पुढे केला, तो तिच्या कानाला लागला. आवाज माझा नव्हता. तो तुमचा होता, जसाच्या तसा, गच्चीवरचा. त्या एका क्षणात मला वाटलं, तुम्ही काय तपासत होतात ते कळलं. तुम्ही तारे मोजून घेत नव्हतात. दर हिवाळ्याला माझे डोळे मोजत होतात. "अगं, ओरडते काय," ती म्हणाली, "समोरचा दिवा डोळ्यात येऊन राहिला." तिनं दोन्ही तळहातांचा आडोसा केला. "हां, आल्या. तीन... चार, पाच. अन् ती एक बारीक, कडेची. सहा." मी म्हटलं, "बरोब्बर." आणि मी दोरी दोन्ही हातांनी धरली.

मग तिनं विचारलं, "अन् तुले किती दिसून राहिल्या, आई?" सहज विचारलं. हा प्रश्न मी तुम्हाला एकदाही विचारला नव्हता. मी म्हटलं, "सहा." लाल टॉर्च तिनं खाली ठेवला असावा, मग जवळ येऊन माझा हात दोरीवरून सोडवून स्वतःच्या हातात घेतला. "आई," ती म्हणाली, "तू तर तिकडे पाहूनच नाही राहिली. तू माह्याकडे पाहून राहिली आहे."

खाली येऊन मी तिला सगळं सांगितलं. ती थोडी रडली, मग चिडली, मग मला चहा करून दिला आणि पेला माझ्या अगदी समोर ठेवला. तिला कोणी काही शिकवलं नव्हतं. सोमवारी आम्ही दोघी डॉक्टरांकडे जाणार आहोत. सहा तारे मोजता आले म्हणजे सुटलो असं नाही, हे मला ठाऊक आहे. मीही तिच्या वयात सहा मोजत होते. तुमच्याबद्दल डॉक्टर विचारतील तेव्हा काय सांगू, ते अजून ठरत नाही. एक गोष्ट मात्र काल रात्री अंथरुणावर आठवली आणि ती कुठल्याही बाजूला बसेना. मी कृत्तिका मोजत असताना तुमचं तोंड कधीच आभाळाकडे नसायचं. माझ्याकडे असायचं. मला वाटायचं, मी लबाडी करते का ते बघताय. ते आभाळ दिसत नव्हतं म्हणून होतं की माझे डोळे बघायचे होते म्हणून, हे मी आता कोणाला विचारू?

हे पत्र कुठं टाकायचं नाही, तेव्हा घडी करून त्या क्रेटखाली ठेवीन म्हणते. वाऱ्यानं गेलं तर गेलं. तुम्हाला किती दिसायच्या हे मी विचारलं असतं तर तुम्ही "सहा" म्हणाला असतात आणि मी लगेच विश्वास ठेवला असता. खरं सांगू का बाबा, अजूनही ठेवावासा वाटतो.